फडातून आलेला निरोप : एका मधुमेही ऊसतोड कामगार बाईचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे एक फिजिशियन आणि त्यांच्याकडे गेली काही वर्षं येणारी एक मधुमेही बाई, या दोघांमध्ये ऊसतोडीच्या एका हंगामात व्हॉट्सअॅपवर जे बोलणं झालं त्याचं हे प्रकरण आहे. दोघांची परवानगी घेऊन ते सगळे मेसेज, फोटो आणि व्हॉइस मेसेज मी क्रमाने पाहिले, ऐकले. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. डॉक्टर मेहनती आणि मनाने चांगले आहेत. तरीही बाईच्या जिवावर बेतेल अशी गोष्ट तीन आठवडे त्यांच्या फोनमध्ये पडून राहिली. हे कसं झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठवाड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात ते उद्या होऊ शकतं.

निघण्याआधी

बाई बावन्न वर्षांची. दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि थोडी तूर. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, टोळीबरोबर सांगलीकडे जातात. म्हातारी सासू आणि शाळेतली नातवंडं गावी राहतात. मधुमेह सहा वर्षांचा, रक्तदाब त्यानंतरचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर, निघायच्या आधी, ती दवाखान्यात आली. उपाशीपोटीची साखर 196, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 9.1. रक्तदाब अॅम्लोडिपिन 5 वर बरा होता. आधी तिला मेटफॉर्मिन 500 आणि ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅमची एकत्र गोळी दोन वेळा चालू होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड 1 चं 2 केलं. चिठ्ठीवर लिहिलं : सकाळी व संध्याकाळी, जेवणाआधी. गोळ्या दिल्या, आपला नंबर दिला आणि सांगितलं, काही वाटलं तर मेसेज करा.

कागदावर पाहिलं तर यात चूक काढता येत नाही. साखर वाढलेली होती, गोळी वाढवली. पण ते 196 आणि 9.1 हे आकडे गावातल्या बाईचे होते. श्रावण ते नवरात्र या काळात खुरपणीची थोडी कामं सोडली तर अंगाला फार ताण नसतो, सणासुदीचं खाणं असतं, झोप होते. दोन आठवड्यांनी हीच बाई पहाटे तीनला उठून अंधारात फडाकडे निघणार होती. दिवसभर वाकून ऊस तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरमध्ये चढवणं, आणि गाडी उशिरा आली तर रात्रीही भरणी. एवढं काम करणारे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न पाहताच ओढून घेतात, आणि हा परिणाम काम थांबल्यावरही बराच वेळ टिकतो. म्हणजे कामामुळे साखर आपोआप खाली येणार होती, त्यात गोळी दुप्पट झाली.

आणि ‘सकाळी’. चिठ्ठीवरची सकाळ सात-आठची असते, गोळीनंतर चहा-पोहे असतात. हिची सकाळ तीनची. भाकरी बांधून फडात न्यायची आणि ती सोडायची दहा-साडेदहाला, पहिली खेप भरली की. पोटात चहासुद्धा असतोच असं नाही. ग्लिमेपिराइडचं काम स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणं; रुग्ण जेवला की नाही हे ते विचारत नाही. मेटफॉर्मिन तसं नाही, एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखोंनी माणसं ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्या मधुमेह्यांची गोळी निघायच्या आधी कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा पाहिली पाहिजे, हे आम्हा डॉक्टरांच्या शिक्षणात कुणी स्वतंत्रपणे शिकवत नाही.

‘मामीला चक्कर यायली’

बाईकडे स्वतःचा फोन नाही. नवऱ्याकडे साधा बटणांचा आहे. टोळीत तिचा भाचा आहे, वीस-एकवीस वर्षांचा, त्याच्याकडे स्मार्टफोन. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, वीज नाही, फोन ट्रॅक्टरवर किंवा जवळच्या टपरीवर चार्ज होतो. रेंज बांधावर येते, कोपीत येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री पावणेदहाला भाच्याचा मेसेज : ‘सर मामीला चक्कर यायली’. 

डॉक्टरांनी तो अकराच्या सुमाराला पाहिला. दिवसभराची ओपीडी, दोन अॅडमिट पेशंट, एक व्हिजिट. फोनवर दीड-दोनशे मेसेज. त्यात लॅबचे रिपोर्ट, औषध कंपनीवाल्यांचे निरोप, लग्नपत्रिका, नातेवाइकांचे ग्रुप. त्यांनी उत्तर दिलं : ‘बीपी तपासून घ्या. गोळ्या चालू आहेत ना?’ भाचा : ‘हो सर’. दोन दिवसांनी भाच्याने कळवलं, ‘बीपी 118/76’. डॉक्टरांनी अंगठा टाकला. विषय संपला.

हा संवाद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सहा ओळींचा आहे. चक्कर म्हणजे नेमकं काय, कधी येते, किती वेळ राहते, खाल्ल्यावर बदलते का, यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही. समोर बसलेल्या पेशंटला याच डॉक्टरांनी हे चारही प्रश्न न सांगता विचारले असते, हात लावून पाहिला असता, ग्लुकोमीटर काढला असता. फोनवर मात्र उत्तर देऊन टाकणं हेच काम होऊन बसतं. मेसेज उरलेला दिसतो, तो निपटावा लागतो. उत्तर गेलं की रुग्ण पाहिला असं वाटतं, पाठवणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. माझ्या मते न दिलेल्या उत्तरापेक्षा हे अर्धं उत्तर जास्त घातक. उत्तर आलंच नसतं तर भाचा दुसरीकडे कुठे घेऊन गेला असता. ‘बीपी नॉर्मल’ म्हटल्यावर बाईला चक्कर येणं हे टोळीत थकव्याचं लक्षण ठरलं. आणि थकवा काय, सगळ्यांनाच असतो. त्यासाठी खाडा करायचा नसतो. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि जोडीतला एक बसला की अख्खा कोयता बसतो.

दुसरी गोष्ट भाच्याच्या बाजूची. त्याने कळवलं हेच खूप केलं, त्याला दोष नाही. पण तो मामीचं म्हणणं ऐकून, त्यातलं त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढं इंग्रजी अक्षरांत टाइप करत होता. मामीने त्याला काय काय सांगितलं होतं ते पुढे कळलं. चक्कर हा त्यातला एक शब्द होता.

58

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेआठच्या दरम्यान बाई फडात पडली. हातात कोयता होता, नडगीवर वार बसला. नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे पडण्याआधी काही वेळ ती ‘येड्यावानी बोलायली होती’, हाक मारली तर बघत नव्हती. मुकादमाच्या गाडीतून जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथे पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मधुमेह आहे म्हटल्यावर ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती 58 आली. ग्लुकोज पाजलं, तासाभराने बरं वाटलं, परत पाठवलं. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, एकदा वर आणलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून अशा रुग्णाला काही तास तरी ठेवून पुन्हा-पुन्हा तपासायला हवं असतं. ते झालं नाही.

भाच्याने डॉक्टरांना तीन फोटो पाठवले. पहिला टाके घातलेल्या पायाचा, अगदी स्पष्ट. दुसरा गोळ्यांच्या पाकिटाचा, चंदेरी बाजूवर उजेड पडून काहीच वाचता न येणारा. तिसरा आरोग्य केंद्राच्या केसपेपरचा, आडवा, घडी पडलेला. खाली एक ओळ : ‘मामी पडली टाके पडले शुगर पण कमी आली’, आणि पुढे हात जोडलेले.

आपल्याकडे घरात साखर कमी आली ही आनंदाचीच बातमी असते. भाच्याने ती तशीच दिली होती. डॉक्टरांनी दुपारी दोन ओपीडींच्या मधल्या वेळात फोटो पाहिले. साहजिकच डोळा जखमेवर गेला. मधुमेही बाई, नडगीवरची जखम, मातीत काम. त्यांनी ड्रेसिंग कसं करायचं, पाणी लागू द्यायचं नाही, लाली किंवा पू दिसला तर लगेच कळवायचं, हे सगळं नीट चार ओळींत लिहिलं. सल्ला योग्य होता. फक्त ती का पडली हे त्यात नव्हतं. केसपेपरच्या डाव्या कोपऱ्यात ‘आरबीएस 58’ (त्या वेळी मोजलेली रक्तातली साखर) लिहिलेलं होतं, ते फोटो मोठा करून फिरवल्याशिवाय दिसत नव्हतं.

ते दिसलं दवाखान्यातल्या सिस्टरांना. डॉक्टर ज्यांचे फोटो येतात त्यांच्या फाइलला नोंद करायला संध्याकाळी फोन त्यांच्या हातात देतात. त्यांनी आकडा वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, ‘सर, हे अठ्ठावन्न आहे का एकशे अठ्ठावन्न?’ डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि लगेच भाच्याला फोन लावला. लागला नाही. तेव्हा सिस्टरांनी मेसेज केला, आणि त्यातच या प्रकरणाची कलाटणी आहे : ‘मामीला स्वतः बोलू दे. व्हॉइस मेसेज पाठव. तू काही सांगू नको.’

सव्वा मिनिटाचा व्हॉइस मेसेज

रात्री आठला तो आला. मागे चूल फुंकण्याचा, कुत्र्याचा आवाज. बाई बोलायला आधी लाजते, मग सुरू होते. तिच्या परवानगीने तिचं बोलणं देते :

‘डाक्टरसायेब, गोळी मी निघायच्या टायमाला घेते, तीनला. उपाशीपोटी म्हनलेत ना तुमी. भाकर दहाला. सात-आठच्या मोहरं हातपाय कापायलेत, समदं आंग घामानं भिजायलंय थंडीचं. डोळ्यापुढं अंधारी येती. अन् मग…’ इथे ती थांबते. भाचा म्हणतो, ‘सांग की.’ ‘मग मी उसाचं कांडं चघळते. चघळलं की घटकाभरानं बरं वाटतं. तुमी गोड खाऊ नको म्हनलेत, पण राहवत न्हाई. चुकलं माझं. त्या दिशी मुकादम कडंला हुता म्हून चघळलं न्हाई.’

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला साखर घसरण्याचं निदान शिकवताना तीन गोष्टी सांगतात : लक्षणं साखर कमी झाल्याची असावीत, मोजल्यावर ती कमी भरावी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जावीत. व्हिपल या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. मधली गोष्ट केसपेपरच्या कोपऱ्यात होती. पहिली आणि तिसरी या बाईने सव्वा मिनिटात सांगितली. भर डिसेंबरात थंड घाम, थरथर, अंधारी, कांडं चघळल्यावर आराम. तीन आठवडे ती स्वतःचा इलाज बरोबर करत होती, पथ्य मोडलं म्हणून मनात खंत बाळगून, लपून. आणि ज्या दिवशी तिने पथ्य पाळलं त्या दिवशी ती पडली.

हे ऐकल्यावर मला सगळ्यात जास्त लागलं ते तिचं ‘चुकलं माझं’. आम्ही डॉक्टर गोड बंद करा एवढंच सांगून सोडतो. कधी गोड खायलाच हवं, हे ग्लिमेपिराइडसारखी गोळी लिहिताना त्याच वेळी सांगायचं असतं. 70 च्या खाली साखर गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं, नाही चढली तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटलं की भाकरी खायची. 54 च्या खाली मेंदूला कमी पडायला लागते. माणूस बरळतो, चिडतो, शुद्ध हरपते. मोजायला यंत्र नसेल तर लक्षणांवरूनच साखर खायची, वाट पाहायची नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. एक अजून : या बाईला रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन होती म्हणून थरथर जाणवली तरी. अॅटेनोलॉलसारखी गोळी असती तर थरथर आणि धडधड दबली असती. घाम तेवढा दबत नाही.

टाइप केलेल्या मेसेजमध्ये यातलं काहीच येण्यासारखं नव्हतं. तिला लिहिता येत नाही, आणि भाचा लिहिणार तो आपल्या अंदाजाने. तिच्या आवाजात मात्र वेळ आली, क्रम आला, उसाचं कांडं आलं, आणि ज्याची तिला लाज वाटत होती तेही आलं. म्हणून माझं ठाम मत आहे की ग्रामीण भागात रुग्णाशी फोनवर बोलायचं असेल तर पहिला नियम हाच असावा : शक्यतो रुग्णाचा स्वतःचा आवाज. दुसऱ्याने टाइप केलेल्या लक्षणावर औषध किंवा दिलासा, दोन्ही देऊ नये.

फोनवरून काय करता आलं

त्या रात्री डॉक्टरांनी भाच्याला बांधावर जायला सांगून व्हिडिओ कॉल केला. चित्र अडकत होतं, पण बाई दिसली. ग्लिमेपिराइड असलेली गोळी तत्काळ बंद. ती एकत्र गोळी असल्याने तिच्याबरोबर मेटफॉर्मिनही बंद होणार होतं, म्हणून साधं मेटफॉर्मिन 500 वेगळं लिहिलं, एक दहाच्या भाकरीबरोबर, एक रात्रीच्या जेवणाबरोबर. निघताना अर्धी भाकरी खायचीच. कमरेला साखरेची पुडी. त्या रात्री दोन वाजता नवऱ्याने उठवून बोलतं करायचं आणि थोडं खायला घालायचं. चिठ्ठी कागदावर लिहून, सही आणि नोंदणी क्रमांक घालून तिचा फोटो पाठवला; सांगलीकडच्या दुकानदाराने त्यावर गोळ्या दिल्या.

‘हे कायद्यात बसतं का?’ हा प्रश्न आमच्यात नेहमी निघतो, कारण 2018 च्या जुलैतलं रत्नागिरीचं प्रकरण अजून सगळ्यांच्या मनात आहे. सिझेरियननंतरच्या रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता फोनवरून उपचार सांगितले, रुग्ण दगावली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या कित्येक डॉक्टरांनी फोन उचलणंच कमी केलं. पण 25 मार्च 2020 रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीच्या सुरुवातीलाच, केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ती 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेला जोडली. व्हिडिओ, फोन आणि लिखित चॅट हे तिन्ही मार्ग त्यात मान्य आहेत. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मेसेजवर पाठवायला मुभा आहे. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलं असेल तर तो फेरतपासणीचा सल्ला धरला जातो, आणि त्यात चालू औषधं पुढे देता येतात, त्याच आजारासाठी आणखी एखादं औषध जोडताही येतं. गुंगीची, मानसिक परिणाम करणारी आणि शेड्यूल एक्सची (विक्रीवर कडक निर्बंध असलेली) औषधं मात्र कधीच नाहीत. तातडीच्या वेळी फोनवर फक्त प्रथमोपचार आणि कुठे न्यायचं एवढंच. बोलण्याची, फोटोंची, चिठ्ठीची नोंद ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

लिखित चॅटच्या मर्यादाही त्याच तत्त्वांत सांगितल्या आहेत : बोलण्यातले बारकावे हरवतात आणि पलीकडे नेमकं कोण आहे याची खात्री नसते. आमच्यातले बरेच जण परवानगीचा भाग वाचतात, हा भाग सोडून देतात.

जानेवारीत बाईने तीन वेळा आरोग्य केंद्रात साखर मोजून आकडे पाठवले. उपाशीपोटीचे 150 ते 170 च्या दरम्यान, घसरण एकदाही नाही. डॉक्टरांनी ठरवलं की हंगाम संपेपर्यंत एवढी साखर चालेल. मला हा निर्णय आवडला. फडात कोयता चालवणाऱ्या बाईसाठी 160 ची साखर 58 पेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, आणि पुस्तकातलं लक्ष्य गाठायची घाई तिथे करायची नसते.

भाच्याच्या फोनवर न सांगितलेलं

फेब्रुवारीत सिस्टरांनी चौकशीचा फोन केला, तेव्हा बाईने सगळं ठीक आहे म्हटलं. दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉल आला. टोळीतल्या दुसऱ्या बाईचा फोन होता, आणि पलीकडे हीच. लघवीच्या जागी महिनाभर खाज आणि आग होती. ‘पोराच्या फोनवर कसं सांगू, बाई.’

मधुमेहात साखर वाढलेली असली की तिथे बुरशीचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. त्यात फडावर ना आडोसा ना पाणी. बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही, तशी सोय 2016 पासून आहे. पण या बाईचा खाजगीपणा वाटेत कुणी मोडत नव्हतं. फोन ज्याच्या खिशात, त्याला सगळं कळणार, एवढीच तिची अडचण होती, आणि ती कुठल्याही तंत्रज्ञानाने सुटलेली नाही.

सिस्टरांनी त्या नंबरवर काही लिहिलं नाही, बोलूनच सांगितलं. डॉक्टरांनी न तपासता औषध लिहिलं नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते फोन करून विचारलं आणि त्या दिवशी जायला सांगितलं. ती गेली, औषधाने आराम पडला. या एका फोनने पुढच्या उपचाराची दिशाही बदलली. ग्लिमेपिराइडच्या जागी डॉक्टरांच्या मनात डॅपाग्लिफ्लोझिन होती. 2020 मध्ये पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आहे, आणि मेटफॉर्मिनबरोबर घेतली तर तिच्यामुळे साखर सहसा घसरत नाही. पण ती गोळी साखर लघवीवाटे काढते. त्याने नेमका हाच संसर्ग वाढतो, आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणखी कमी होतं. खाज कळली नसती तर तीच गोळी लिहिली गेली असती. तिच्याऐवजी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) पाहून सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी द्यायचं ठरलं.

यासाठी ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा का नाही, असं कुणी विचारेल. आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलायला ती सोय चांगली आहे, मी स्वतः रुग्णांना सांगते. पण हिला हवा होता तो तिला ओळखणारा डॉक्टर, आणि त्याहून जास्त, जिच्याशी अशा गोष्टी बोलता येतील अशी बाई.

दवाखान्यात काय बदललं

डॉक्टरांनी वेगळा फोन घेतला, फक्त रुग्णांसाठी. तो सिस्टरांकडे असतो. दुपारी दोन आणि संध्याकाळी सात, या दोन वेळांना मेसेज ऐकले-पाहिले जातात. मेसेज पाठवला की आपोआप उत्तर जातं, मराठीत : हा नंबर तातडीसाठी नाही, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, श्वास लागला, रक्त थांबत नाही, तर 108 लावा. फोटो आले की सिस्टर आधी आडवे-उभे करून सगळे आकडे वाचतात आणि केसपेपरवर उतरवतात. चक्कर, अशक्तपणा, घाबरल्यासारखं होणं, यातलं काहीही एखाद्या मधुमेह्याने कळवलं तर लिहून उत्तर द्यायचं नाही, फोन करून त्याच्याशी बोलायचं.

दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या मधुमेह्यांना डॉक्टर आता विचारतात : पहाटे किती वाजता निघता, पहिली भाकरी किती वाजता, फोन कुणाचा, आणि त्याला जे सांगता येणार नाही ते कुणाच्या फोनवरून सांगाल. शेवटच्या प्रश्नाला बाया आधी गप्प बसतात, मग एखादं नाव देतात. ते नाव फाइलवर लिहिलं जातं.

पैशाचा प्रश्न तसाच आहे. प्रत्यक्ष भेटीसारखी फी फोनवरच्या सल्ल्यालाही घेता येते, मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. डॉक्टर घेत नाहीत, त्यांना ते बरं वाटत नाही. माझं त्यांच्याशी यावर पटत नाही. सिस्टरांचे रोजचे दोन-अडीच तास या कामात जातात आणि त्याचा वेगळा पगार त्यांना मिळत नाही. फुकट म्हणून चालू असलेलं काम दवाखान्यात गर्दी झाली की सगळ्यात आधी मागे पडतं. हंगामाला एकदा थोडी ठरावीक रक्कम घ्यावी, ती सिस्टरांना द्यावी, असं मी सुचवलं आहे.

त्या वर्षी कारखाना एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. बाईच्या गोळ्या त्याआधी संपल्या, आणि ऑक्टोबरच्या भेटीला सहा महिने उलटून गेले होते, म्हणजे नियमाप्रमाणे ती आता नव्या रुग्णासारखी. अशा वेळी जुनी चालू औषधं व्हिडिओवर पाहून पुढे देता येतात, म्हणून रात्री पुन्हा बांधावर व्हिडिओ कॉल झाला. डॉक्टरांनी पायाची जखम दाखवायला सांगितली, ती भरली होती. मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिन पंधरा दिवसांचं लिहिलं आणि गावी आल्याबरोबर यायला सांगितलं. मे महिन्यात ती आली तेव्हा एचबीएवनसी 8.2 होती, क्रिएटिनिन ठीक होतं, आणि सिटाग्लिप्टिन सुरू झाली. दसऱ्याआधी पुन्हा तपासून, पहाटेच्या वेळेचा हिशेब धरून, सगळ्या गोळ्या नव्याने लिहायचं ठरलं.